टाकीखालचा कॉक

भाऊजी,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. भेटायला येणाऱ्यांची रीघ आता कुठे कमी झालीय. चहा करून करून माझे हात दुखले. आलेल्यांपैकी निम्मे लोक मला ओळखूही येत नव्हते. कुणी सातपूरचा फिटर, कुणी मखमलाबादचा द्राक्षवाला, ज्याच्या ट्रॅक्टरला तुम्ही रंग दिला होता. सगळे तुमच्या फोटोसमोर हात जोडतात, मग माझ्याकडे वळतात आणि तेच एक वाक्य म्हणतात, "वहिनी, तुम्ही गॅरेज दिलंत म्हणून श्रीधरराव उभे राहिले."

हे वाक्य तुमचं. इतकी वर्षं ज्याला त्याला तेच सांगत सुटलात. मी प्रत्येक वेळी म्हणायची, "पुरे हो भाऊजी." लोकांना तो माझा विनय वाटायचा. विनय कसला! ज्या वर्षी मी तुम्हाला गॅरेज दिलं म्हणतात ना, त्याच वर्षी मी ते तुमच्याकडून काढून घ्यायला निघाले होते. नुसत्या तोंडाने नाही, हातानेसुद्धा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आज सांगते. पण माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, मी कुठलीच गोष्ट सरळ सांगत नाही. तेव्हा बसा जरा.

तुमच्या कारखान्याला टाळं लागलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. रंगखात्यात अठरा वर्षं काढलेला माणूस एका सकाळी डबा न घेता घरात बसला. आठवडाभर बसलात. नवव्या दिवशी टेम्पोतून एक जुना हवेचा कॉम्प्रेसर घेऊन आलात. धुळीने माखलेली आडवी टाकी, तिच्यावर मोटर, खाली चार पाय. मला तो आजारी रेडा वाटला.

"हे काय आणलंत?"

"पोटापाण्याचं साधन, वहिनी. स्प्रे पेंटिंग करीन. कपाटं, स्कूटर, मिळेल ते."

"कुठे?"

तुम्ही गॅरेजकडे बघितलंत.

गंगापूर रोडवरच्या आपल्या त्या बंगल्याला गॅरेज होतं आणि गाडी नव्हती. गॅरेजात कांद्याची गोणी, लोणच्याच्या बरण्या आणि मुलांच्या सायकली. पण ह्यांनी त्या वर्षी गाडी नोंदवली होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर दारात येणार होती. तुमच्या दादांनी तुम्हाला सांगितलं, "श्री, दसऱ्यापर्यंत कर तुझं काम. तोवर जम बसला तर बाहेर जागा बघू. नाही बसला तर कुठेतरी नोकरी धर." तुम्ही मान डोलावलीत. बाहेर जागा घेण्याची ऐपत तुमची नव्हती, हे आपल्या तिघांनाही माहीत होतं.

त्या वेळची मी कशी होते, सांगू? चव्वेचाळीस वर्षांची, इतिहास घेऊन बी.ए. झालेली आणि म्हणून जगातलं सगळं आपल्याला कळतं असं मानणारी. गाडी यायला सहा महिने होते, पण गाडीतून उतरताना पदर कसा सावरायचा ते मी आरशासमोर करून बघितलं होतं. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूने जाईन. कॉलनीतल्या बायकांना मी सांगून ठेवलं होतं, "आमची पांढरी आहे. सावलीत ठेवावी लागते." आणि सावलीच्या जागेवर तुमचा रेडा येऊन बसला.

पहिलं कपाट तुम्ही रंगवलंत ते मला आठवतं. छान हिरवं झालं होतं. वाळल्यावर बघतो तर दारभर बारीक बारीक फोड.

"काय हो भाऊजी, कपाटाला कांजिण्या आल्या?"

"पाणी येतंय, वहिनी."

"कुठून?"

"हवेतून."

मी त्या यंत्राभोवती एक चक्कर मारली. नळाचं कनेक्शन कुठे दिसेना. "हवेतून पाणी येत असतं तर मी पहाटे उठून बादल्या कशाला भरते?" असं म्हणून, मोठा विजय मिळवल्यासारखी, वर निघून गेले. संध्याकाळी मात्र गुपचूप लिंबू-मिरची आणून टाकीला बांधली. बी.ए., फर्स्ट क्लास!

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून माझ्यापुढे धरलंत. आतल्या बाजूला थेंब लगडले होते. "हवेत पाणी असतंच, वहिनी. दिसत नाही इतकंच. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा पाणी पोटात ठेवून घेते. गार झाली की सोडते, या झाकणावर सोडलं तसं. ते माझ्या रबरी नळीत सुटतं आणि फवाऱ्याच्या बंदुकीतून रंगाबरोबर बाहेर येतं." मला समजलं. पण समजलं असं कबूल करायचं माझं वय नव्हतं. मी म्हटलं, "झाकण ठेवा, भात निवतोय."

आता मूळ गोष्टीवर येते.

टाकीच्या पोटाखाली एक छोटा पितळी कॉक होता. टाकीत साठलेलं पाणी तिथून जावं म्हणून काम चालू असताना तुम्ही तो किंचित उघडा ठेवायचात. खाली वाटी. थेंब पडायचे आणि बरोबर सुईसारखा आवाज यायचा, स्स्स्स. गॅरेजच्या बरोबर वर माझी खिडकी, आणि दुपारी दोन ही माझ्या झोपेची वेळ. मोटरीची धडधड मला चालायची, तिच्या तालावर झोप लागायची. पण तो सुईचा आवाज सहन व्हायचा नाही. शिवाय ठिबकणारा नळ! पाणी सकाळी एकदाच येणाऱ्या घरातली बाई मी. ठिबकता नळ दिसला की माझा हात आपोआप जायचा, लोकांच्या घरी, लग्नाच्या कार्यालयात, देवळाच्या पाय धुवायच्या जागीसुद्धा.

तर पहिल्यांदा मी खाली आले ती नळ बंद करायलाच. तुम्ही तोंडाला फडकं बांधून पलीकडच्या टोकाला पाठमोरे उभे होतात. मी वाकले, कॉक आवळला आणि वर जाऊन झोपले. गंगापूर धरण मी एकटीने वाचवलं, असं वाटून गाढ झोप लागली. मग ते रोजचंच झालं. तुम्ही उघडायचात, मी बंद करायची. कपाटांवर फोड येत राहिले.

एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "दादा, एक गंमत सांगू? तो टाकीखालचा कॉक आपोआप आवळला जातो."

"आपोआप कसा?" हे म्हणाले.

"थरथरीने. मोटर हादरते ना, त्याने आटे फिरत असणार. म्हणून तर पाणी साठतं आणि काम बिघडतं."

तुम्ही वहीच्या कागदावर आट्यांची आकृती काढून दाखवलीत. ह्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. माझ्या हातात आमटीचा डाव तसाच राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी महिनाभर बंद करत होते तो नळ नव्हता, तुमचं पोट होतं. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. मी विचारलं, "आणखी आमटी वाढू?"

दुसऱ्या दिवसापासून मी खाली जाणं बंद केलं. इथवरचं सगळं अडाणीपणात जमा आहे. तेवढं तुम्ही हसून सोडलं असतंत, याची मला खात्री आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही.

श्रावणात घोटीचे आप्पा आले. भाताची गिरणी, मुलीचं लग्न ठरलेलं आणि त्यासाठी एक जुनी जीप पांढरीशुभ्र करून हवी. धोतर सावरत जीपभोवती फिरले आणि म्हणाले, "मिस्तरी, पोरीची वरात हाय. गाडीत तोंड दिसलं पायजे."

"दिसेल, आप्पा."

"नाय दिसलं तर?"

"तर परत रंगवीन."

"दिसलं तर घोटीतनं अजून गाड्या धाडतो. आमच्याकडं लय गाड्या हायेत, रंगवणारा नाय."

मी जिन्यात उभी राहून ऐकलं. अजून गाड्या. म्हणजे दसऱ्यानंतरही. म्हणजे कायमचं. माझी पांढरी गाडी उन्हात, कॉलनीच्या बायकांसमोर, आणि गॅरेजात घोटीच्या जीपा! ज्या दिवशी तुम्ही बॉनेटवर रंग मारायला घेतलात, त्या दुपारी मी खाली आले आणि कॉक बंद केला. झोपेसाठी नाही. नळ समजून नाही. दुसऱ्या दिवशी दरवाजांचं काम होतं, त्याही दुपारी केला.

भाऊजी, सांगायचं राहिलेलं ते हे.

बॉनेट फोडांनी भरलं. दरवाजेही. तुम्ही खाली बसलात, पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर घेतलात आणि सगळा रंग घासून काढायला सुरुवात केलीत. एक अख्खा दिवस. संध्याकाळी जेवायला बसलात तेव्हा चार बोटांच्या टोकांची सालं गेली होती. आमटीत बोट बुडवता येईना म्हणून चमचा मागितलात. मी चमचा दिला.

"वहिनी," तुम्ही म्हणालात, "मी त्या कॉकवर उगाच चिडत होतो. तो उघडा असता तरी टाकीतून निघणारी हवा गरमच असते. वाफ तिच्यातून पुढे जातेच. मी तिला टाकीपाशीच पकडायला बघत होतो. चूक माझीच आहे."

माझ्यावर कुणी ओरडलं असतं तर मी दुप्पट ओरडले असते. पण समोरचा माणूस सोललेल्या बोटांनी चमचा धरून "चूक माझीच" म्हणतो, तिथे काय करायचं, ते मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतरचे तुमचे पंधरा दिवस मी बघितले, आणि खरं सांगते, तेव्हापासून तुम्ही मला वेगळे दिसायला लागलात. तोवर तुम्ही नुसते दीर होतात. टाकीपासून निघणाऱ्या लोखंडी पाइपावर तुम्ही तळहात ठेवायचात, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. इथे गरम. एक हात पुढे, कोमट. आणखी पुढे, गार. खडूने खुणा करायचात. तुम्ही टाकीच्या तोंडाशी लावलेला तो काचेच्या भांड्याचा फिल्टर कोरडा असायचा आणि रबरी नळी मात्र पाण्याने गच्च. का, तर हवा फिल्टरपाशी गरम आणि नळीत गार. दोन महिने तुम्ही चोराला तो घरात शिरायच्या आधीच शोधत होतात.

मग तो पाइप तुम्ही भिंतीवरून वर नेलात, छतालगत सावलीतून फिरवलात, किंचित उतार देऊन, म्हणजे आत सुटलेलं पाणी वाहत एका कोपऱ्यात येईल. त्या कोपऱ्यात खाली लोंबता तुकडा आणि टोकाला कॉक. बंदुकीकडे जाणारी नळी पाइपाच्या खालून नाही, वरच्या अंगाने काढलीत, वर मान काढून मग खाली वळवलेली. "पाणी खालून जातं, वहिनी. हवा वरून घ्यायची." इतकं साधं! जगात किती जण हवा खालून घेत बसतात.

तरी श्रावणातली हवा ती. धुतलेलं धोतर तीन दिवस वाळत नव्हतं. थोडं पाणी येतच राहिलं. तेव्हा मी दारात उभी राहून टोमणा मारला, "एवढी तापते ना तुमची हवा, मग घाला तिला गार पाण्याची आंघोळ!" तुम्ही बंदूक खाली ठेवून निघून गेलात. मला वाटलं, लागलं बोलणं. दुसऱ्या दिवशी बघते तर पिंपात पाणी भरलेलं आणि त्यात तांब्याच्या नळीची वेटोळी, टाकीतली हवा त्यातून फिरून पुढे पाइपात जातेय. "वहिनींची कल्पना," म्हणून तुम्ही आप्पांनाही सांगितलंत. टोमण्यातूनसुद्धा कामाचं तेवढं उचलून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. टोमणा मात्र तिथेच टाकून द्यायचात, त्याचा राग कधी ठेवला नाहीत.

आणि ते सिलिका जेलचे निळे दाणे! बंदुकीच्या आधीच्या भांड्यात भरायचे, ओल पिऊन गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करायचे. ते तुम्ही कशात भाजत होतात, तर माझ्या पोह्यांच्या कढईत.

"भाऊजी! ही खायची कढई आहे!"

"धुऊन ठेवणार होतो."

"आता ही कढई तुमची. पोहे आम्ही तव्यावर करू."

ती कढई तेव्हापासून गॅरेजातच राहिली. त्यावरून आपला तो वाद निघाला, जो अजून सुटलेला नाही. मी म्हणायची, आम्ही बायका मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतो, ते तुमचे निळे दाणेच झाले की. तुम्ही म्हणायचात, कच्चे तांदूळ ओल ओढत नाहीत फारशी, ते नुसत्या गुठळ्या फोडतात. भाजलेले असतील तर ओढतील. दोन बरण्या भरून माळ्यावर ठेवल्या होत्यात, कच्च्याची एक, भाजलेल्याची एक. निकाल लागायच्या आत मी दोन्हींतलं मीठ आमटीत घातलं. मुद्दाम नव्हे. बरं, थोडं मुद्दाम.

जीपच्या दिवशी तुम्ही माझा हातआरसा मागितलात. बंदुकीत रंग न भरता नुसती हवा आरशावर सोडलीत. मी श्वास रोखून बघत होते. आरशावर धुकं धरलं नाही. तुम्ही तो उलटसुलट करून बघितलात, पुन्हा हवा सोडलीत. नाही धरलं. मग फडकं बांधलंत. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले, दुपारच्या दोनला, न झोपता. कॉक उघडा आहे ना, ते तीनदा बघून आले. वाटी भरली की ओतून आणत होते. तुम्हाला वाटलं, वहिनींना गोडी लागली. मी पहाऱ्याला बसले होते, माझ्यापासूनच.

आप्पा आले, बॉनेटवर वाकले, मिशा नीट केल्या. "दिसलं तोंड," म्हणाले. बास, तेवढंच.

दसऱ्याला गाडी आली. हे किल्ली घेऊन गॅरेजकडे वळले आणि मी मध्ये उभी राहिले. "गाडी बाहेर राहू दे. तिच्यावर ताडपत्री घालता येते. तो पाइप भिंतीवरून सोडवायचा कुणी?"

"अगं, तूच तर..."

"मीच तर. आता मीच म्हणतेय."

तुम्ही तिथेच होतात. डोळे भरून आले तुमचे. आणि त्या दिवसापासून सुरू झालं, "वहिनींनी गॅरेज दिलं." पुढे मनमाडहून, ओझरहून लोक तुमचा पाइप बघायला यायला लागले. येईल त्याला तुम्ही सगळं दाखवायचात, काही राखून ठेवायचं नाही. "हात लावा, इथे गरम, इथे गार," असं त्याचा तळहात पाइपावर ठेवून शिकवायचात. आणि निघताना त्याला माझ्यासमोर उभं करायचात. सांगा बघू, त्या वेळी मी काय बोलणार होते?

एकदा सुरुवात केली होती. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी बांधून पडला होतात. म्हटलं, दिसत नाहीये तोवर उरकून घ्यावं. "भाऊजी, तो टाकीखालचा कॉक..." एवढंच म्हणाले, तर तुम्ही पट्टीसकट उठून बसलात. "गळतोय का?" मी म्हटलं, "नाही नाही, ठीक आहे. झोपा." पुन्हा धीर झाला नाही.

परवा रविवारी मात्र ह्यांना सांगितलं. सगळं. ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. बघते तर हसत होते, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

"काय झालं हसायला?"

"अगं, मीही बंद करायचो तो. बँकेतून आलो की सायकल लावताना. ठिबकताना दिसायचा. मला वाटायचं, श्री विसरला."

"आणि जेवताना त्याने ती आकृती काढली तेव्हा?"

"तेव्हा कळलं. मग नाही केला कधी. पण सांगायची लाज वाटली."

म्हणजे दुपारी मी आणि संध्याकाळी हे! बिचारे तुम्ही, तुमच्या आट्यांच्या आकृत्या काढत बसलात. आम्ही दोघं म्हातारे त्या दुपारी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग हे म्हणाले, "झालं तर. दोघंही सारखेच. आता मनातून काढून टाक."

सुटका चांगली होती. दोन दिवस मी ती वापरूनही बघितली. पण जमत नाही, भाऊजी. ह्यांनी नळ समजून केला. महिनाभर मीही नळ समजून केला. बॉनेटची दुपार आणि दरवाजांची दुपार, त्या दोन माझ्या एकटीच्या. त्यात वाटेकरी नाही.

तीस वर्षं एका घरात राहिलो आपण. मी तुमच्यावर दिवसातून चारदा आवाज चढवायची. तुम्ही माझ्यावर एकदाही चढवला नाहीत. लोक म्हणतात, स्वभाव. असेल. पण एकदा तरी चढवायला तुमच्याकडे खरं कारण होतं, आणि ते मी लपवून ठेवलं. मी तुमची जीप बिघडवली, त्यापेक्षा हे मला जास्त टोचतं. माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल आणि वर म्हणाल, वहिनींची कल्पना. आधी तुमचं ते कारण तुम्हाला परत देते. चला भाऊजी, चढवा आवाज. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुमची वहिनी